डोंगरी चहा आणि पुडीवरची चिठ्ठी

मागाच्या खडखडाटात ज्यांची हयात गेली त्यांना घशाची तक्रार समजावून सांगावी लागत नाही. सुताची उडती धूळ दिवसभर नाकातोंडात जाते, संध्याकाळी घसा खरखरतो आणि रात्री कोरडा खोकला झोपू देत नाही. त्यावर आमच्याकडे प्रत्येक घराचा आपापला उपाय आहे. कोणी ज्येष्ठमध चघळतो, कोणी आले-गूळ खातो, कोणी परसातला गवती चहा उकळतो. आज ज्या चहाची हकीकत आम्ही वाचक बंधूंना सांगणार आहोत तो मात्र आम्हाला सोलापुरात नव्हे, तुर्कस्तानात मिळाला. तोही एका विणकराच्या कारखान्यात.

सन २०१२ च्या मार्च महिन्यात आम्ही चार व्यापारी टॉवेलचे माग पाहण्यासाठी देनिझलीला गेलो होतो. सोलापूरचा टॉवेल जगात जातो तसा देनिझलीचाही जातो, म्हणून प्रतिस्पर्धी काय करतो ते डोळ्यांनी पाहावे हा हेतू. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झालेले. १९२८ साली तुर्कस्तानने अरबी लिपी सोडून रोमन लिपी घेतली, त्यामुळे बाजारातल्या पाट्या आम्हाला वाचता येईनात. पण कान मात्र घरच्यासारखे रमले. दुकानाला ते दुक्कान म्हणतात, हिशेबाला हेसाप, आणि कापडाला कुमाश, म्हणजे आमच्या उर्दू पुस्तकातलाच जुना शब्द. चहाच्या किटलीला ते चायदानलिक म्हणतात. आपले चायदान ते हेच.

देनिझलीपासून काही अंतरावर बुलदान नावाचे गाव आहे. तिथे जास्त पीळ दिलेल्या सुताचे पातळ सुती कापड विणतात. धुतले की ते आकसते आणि त्यावर बारीक सुरकुत्या उठतात. त्या सुरकुत्याच त्याची ओळख. (आपल्याकडे असे कापड निघाले तर ग्राहक गाठोडे परत पाठवील! पण माल कसा दाखवावा हे त्यांच्याकडून शिकावे.) त्या गावात एका लहान कारखान्यात आम्ही बसलो होतो. बाहेर बोचरी थंडी आणि आत सुताची धूळ, यांनी आमचा घसा असा धरला की भाव विचारायलाही आवाज फुटेना. मालकाच्या म्हाताऱ्या आईने हे पाहिले. ती उठली आणि एका कापडी पिशवीतून वाळक्या काड्यांची जुडी काढली. काड्यांवर फुलांचे झुबके तसेच होते. तिने त्या हातानेच मोडून भांड्यात टाकल्या, वर उकळते पाणी ओतले, झाकण ठेवले आणि पाच-सात मिनिटे तशाच मुरू दिल्या. पेल्यात आले ते पिवळसर सोनेरी पाणी. त्यात तिने मध घातला आणि पेला हातात देताना म्हणाली, "शिफा ओलसून." दुभाष्याची गरज पडली नाही. शिफा हा शब्द आम्हाला कोणी भाषांतर करून सांगायला नको.

त्याची चव आपल्या चहासारखी मुळीच नाही. दूध नाही, कडकपणा नाही. थोडा फुलांचा वास, थोडी लिंबाची आठवण, थोडा पुदिन्याचा गारवा. पहिल्या घोटाला वाटले, हे तर नुसते गरम पाणी. तिसऱ्या घोटाला घशातली खरखर बसल्यासारखी झाली. संध्याकाळी दुसरा पेला घेतला आणि त्या रात्री आम्ही चांगले झोपलो. आता ही करामत काड्यांची, मधाची, गरम पाण्याची की त्या मायेची, हे आम्ही छातीठोकपणे सांगू शकत नाही. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याच्याशी काम आहे.

तुर्की भाषेत याला 'दाअ चायी' म्हणतात. दाअ म्हणजे डोंगर. ही चहाच्या झाडाची पाने नव्हेत. खरा काळा चहा तुर्कस्तानात काळ्या समुद्राच्या काठी, रिझे भागात पिकतो आणि दिवसभर तोच पितात. डोंगरी चहा ही पुदिना आणि तुळशीच्या कुळातली वनस्पती आहे. शास्त्रात तिचे नाव सिडेरायटिस. भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या मुलखात तिच्या सुमारे दीडशे जाती आहेत. एकट्या तुर्कस्तानात चाळीसहून अधिक, आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. चहाच्या कामाच्या जाती साधारण हजार मीटरच्या वर, चुनखडीच्या खडकाळ उतारावर वाढतात, जिथे माती कमी आणि वारा जास्त. पानांवर दाट पांढरी लव असते. कापडवाल्याच्या बोटांना ती फ्लॅनेलसारखी लागते. उन्ह आणि वारा यांपासून झाडाचे पाणी ती लव राखते. फुले पिवळी, काडीवर थराथराने लागलेली. जुलै-ऑगस्टमध्ये झाड पूर्ण फुलले की कापणी होते आणि जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगतात. उन्हात वाळवली तर वास उडून जातो.

हा चहा एकट्या तुर्कांचा नाही. ग्रीसमध्ये डोंगरावर मेंढ्या चारणारे धनगर तो पीत आले, म्हणून काही ठिकाणी त्याला धनगरी चहाच म्हणतात. क्रीट बेटावर त्याचे नाव मालोतिरा. इटालियन भाषेत 'माले' म्हणजे दुखणे आणि 'तिरारे' म्हणजे ओढून काढणे, त्यावरून हे नाव पडले असे तिथले लोक सांगतात. बल्गेरियात तो मुर्साल्स्की चहा या नावाने विकला जातो. अल्बेनियात त्याला 'चाय माली' म्हणतात आणि तिथून होणाऱ्या औषधी वनस्पतींच्या निर्यातीत त्यालाही स्थान आहे. या सर्व मुलखांत त्याचा उपयोग जवळजवळ सारखाच: सर्दी, खोकला, घसा, जड झालेले पोट आणि थकलेले अंग. हिवाळ्यात घरात कोणी शिंकले की आजी काड्या मोडायला बसते. त्यात कॅफीन नाही, म्हणून रात्री निजण्यापूर्वीही पितात. आपल्या कडक चहाने झोप उडते, त्याच्या नेमके उलटे.

बाजारात विकणारे अत्तार

इस्तंबूलमध्ये सतराव्या शतकात बांधलेला मसाल्यांचा बाजार आहे, त्याला मिस्र चारशी म्हणतात. जडीबुटी विकणाऱ्या दुकानदाराला तिथे 'आकतार' म्हणतात. हा शब्द कानी पडला आणि आम्हाला हसू आले. आपल्याकडचे अत्तार ते हेच! महाराष्ट्राच्या गावोगावी अत्तार घराण्यांची दुकाने होती, काही अजून आहेत. तिथे अत्तराबरोबर हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, बनफ्शा, उन्नाब अशी जिन्नस मिळत असे आणि हकीमसाहेबांचा नुस्खा घेऊन लोक तिथेच जात. तुर्कस्तानात अत्तारांचा हा धंदा अजून जोरात आहे. दर चार दुकानांमागे एक आकतार, आणि दारात डोंगरी चहाच्या जुड्या फुलांच्या गुच्छांसारख्या रचलेल्या.

युनानी या शब्दाचा अर्थच ग्रीक असा होतो. तेव्हा ग्रीक डोंगरावरच्या या काडीचा आपल्या हकिमांच्या विद्येशी काही संबंध आहे काय, हा प्रश्न आमच्या मनात आला. थोडा आहे. पहिल्या शतकातला दियोस्कोरिदेस हा वैद्य आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या अनाझार्बसचा. त्याने वनस्पतींवर जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात सिडेरायटिस हे नाव आहे, जखमा भरून आणणारी बुटी म्हणून. ग्रीक भाषेत सिदेरोस म्हणजे लोखंड, आणि लोखंडी हत्यारांच्या जखमांवर उपयोगी ती ही बुटी. नवव्या शतकात बगदादमध्ये इस्तिफान बिन बासिल याने हा ग्रंथ अरबीत आणला आणि हुनैन बिन इसहाक याने तो तपासून दुरुस्त केला. युनानी औषधविद्येच्या पायात जे दगड आहेत त्यांतला हा एक. मात्र दियोस्कोरिदेसने ज्या झाडांना हे नाव दिले तीच झाडे आज पेल्यात पडतात, असे धरून चालू नये. नाव टिकते, त्याखालचा माल कधी कधी बदलतो. कापडाच्या व्यापाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता गुणांविषयी. युरोपच्या औषध संस्थेने २०१६ साली या वनस्पतीबद्दल आपले मत प्रसिद्ध केले. सर्दीबरोबर येणारा खोकला आणि पोटाची किरकोळ तक्रार, या दोन गोष्टींसाठी तिचा परंपरागत उपयोग त्यांनी मान्य केला. 'परंपरागत' या शब्दाला तिथे ठराविक अर्थ आहे. निदान तीस वर्षे लोक वापरत आले आहेत आणि त्यातून अपाय दिसलेला नाही, एवढ्यावर ही मान्यता मिळते. रोग्यांवर चाचण्या घेऊन गुण सिद्ध झाला असा तिचा अर्थ नाही. प्रमाण दोन ते चार ग्रॅम काड्या, कपभर उकळते पाणी, दिवसातून दोन-तीन वेळा. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि अठरा वर्षांखालील मुले यांच्याविषयी पुरेशी माहिती नाही, म्हणून त्यांना शिफारस नाही.

मन शांत होते काय? २०१८ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी पन्नास ते सत्तर वयाच्या दीडशेच्या आसपास निरोगी लोकांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ग्रीक जातीचा अर्क चार आठवडे घेणाऱ्यांची बेचैनी काहीशी कमी झालेली दिसली. पण तो अर्क होता, घरचा पेला नव्हे, आणि एका प्रयोगावर इमारत उभी करता येत नाही. जर्मनीत उंदरांवर विस्मरणाच्या रोगासंबंधी प्रयोग झाले, आणि त्यावरून 'हा चहा प्या, विसरभोळेपणा जाईल' अशी चर्चा पसरली. उंदीर आणि माणूस यांच्यामध्ये फार मोठा रस्ता आहे, तो अजून कोणी चाललेले नाही. मधुमेह या चहाने उतरतो, असे माणसांवर सिद्ध झालेले नाही.

आमच्या दुकानात काय घडले

मधुमेहाची ओळ आम्ही मुद्दाम लिहिली. परत येताना आम्ही सुमारे तीन किलो काड्या आणल्या होत्या. हा माल वजनाला हलका, आकाराला मोठा. तीन किलोने एक बॅग भरली. काही नातेवाइकांना वाटला, बराच उरला. आमच्या भाच्याला धंद्याची हौस. तो म्हणाला, "मामू, याच्या पुड्या करतो. लोक विचारतात." घरासाठी म्हणून आणलेला माल विकायला काढणे ही पहिली चूक. दुसरी त्याहून मोठी. भाच्याने संगणकावर चिठ्ठी छापली. वर 'तुर्कस्तानची पहाडी जडीबुटी', मध्ये 'शुगर, बीपी, सांधेदुखी, विस्मरण यांवर अक्सीर इलाज', आणि खाली आमच्या दुकानाचे नाव. हे सारे कुठून आणले असे विचारल्यावर म्हणाला, इंटरनेटवर आहे. आम्ही चिठ्ठी वाचली, हसलो आणि गप्प बसलो. पन्नास-पन्नास ग्रॅमच्या चाळीस पुड्या झाल्या आणि पंधरा दिवसांत खपल्या.

त्यांतल्या काही एका रंगाऱ्याने नेल्या. वयाने आमच्यापेक्षा मोठे, सारे त्यांना चाचा म्हणतात. सूत रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कमी, आणि आमचा त्यांच्याशी वीस वर्षांचा व्यवहार. त्यांना मधुमेह होता, रोजच्या गोळ्या चालू होत्या. पुडी घेताना त्यांनी विचारले की तिकडे कशाबरोबर पितात. आम्हीच सांगितले, मधाबरोबर. त्यांच्या दुखण्याची आम्हाला कल्पना होती, तरी जिभेने विचार केला नाही.

चाचांनी गोळ्या बंद केल्या. सकाळ-संध्याकाळ पहाडी चहा, मध घालून. चार महिने. रंगाच्या हौदाजवळ दिवसभर पाय ओले असतात, त्यात बोटाला कधी चिरा गेला तो त्यांना कळलाच नाही, कारण या रोगात पायाची जाणीव मंदावते. बकरी ईदच्या आधी त्यांच्या मुलाने त्यांना दवाखान्यात नेले तेव्हा बोट काळे पडले होते. डॉक्टरांनी उजव्या पायाचे ते बोट काढले. पाय वाचला.

आम्ही भेटायला गेलो. काय बोलावे ते सुचेना. शेवटी विचारले, चाचा, गोळ्या बंद करण्यापूर्वी डॉक्टरांना एकदा विचारायचे तरी. ते म्हणाले, "पुडीपर तुमारा नाम था भाई, फिर कायकू शक करना?"

तक्रार म्हणून ते बोलले नाहीत. साधेपणाने बोलले. वीस वर्षांत आमच्या दुकानातून त्यांना खोटे माप, कच्चा रंग किंवा मिसळीचे सूत गेले नव्हते. तोच भरवसा त्यांनी पुडीलाही लावला. दवाखान्याचा खर्च आम्ही उचलला, तो त्यांच्या मुलाने फार आढेवेढे घेऊन स्वीकारला. त्यानंतर भाच्याला बरोबर घेऊन आम्ही घरोघर फिरलो. वहीत ज्यांची नावे होती त्यांच्याकडे गेलो, पैसे परत केले आणि पुड्या मागितल्या. अकरा न फोडलेल्या मिळाल्या. दोन घरांत आणखी माणसे गोळ्या सोडण्याच्या बेतात होती. भाचा त्या दिवशी फार रडला. आम्ही त्याला काही बोललो नाही, कारण चिठ्ठी वाचून हसणारे आम्हीच होतो.

नंतर कायदा विचारला तेव्हा कळले की हा मामला आमच्या समजुतीपेक्षा गंभीर होता. १९५४ सालचा एक केंद्रीय कायदा आहे, औषधे आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करण्यास त्यात मनाई आहे त्यांच्या यादीत मधुमेह आहे. आणि जाहिरात म्हणजे केवळ वर्तमानपत्रातली नव्हे. पुडीवरची चिठ्ठी आणि वेष्टनसुद्धा त्यात येते. खाण्यापिण्याची वस्तू पुडी बांधून विकायची तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना हवा, आणि पुडीवर नाव, घटक, निव्वळ वजन, तारीख, विकणाऱ्याचा पत्ता हवा. परदेशातून वाळकी वनस्पती व्यापारासाठी आणायची तर आयातीचा परवाना आणि प्लांट क्वारंटाइनची तपासणी निराळी. शिवाय अन्नसुरक्षेच्या नियमांत 'चहा' हे नाव चहाच्या झाडाच्या मालासाठीच आहे. बोलताना आम्ही डोंगरी चहा म्हणतो, पण पुडीवर तसे छापता येणार नाही. ही माहिती गवती चहा, तुळस, अडुळसा अशा देशी पुड्या विकणाऱ्या आमच्या बंधूंच्याही कामाची आहे. आजकाल मोबाइलवर तयार मजकूर मिळतो आणि तो जसाच्या तसा चिठ्ठीवर उतरतो, म्हणून सांगितले.

आम्ही स्वतः हा चहा सोडलेला नाही. तो चांगला आहे. हिवाळ्यात घसा धरला की आजही घरात काड्या मोडतो. ओळखीचे कोणी इस्तंबूलमार्गे येणार असले की अर्धा किलो मागवतो, तो घरापुरता. ज्यांचे तिकडे जाणे होईल त्यांच्यासाठी खरेदीचे चार शब्द. चुरा किंवा कागदी पिशव्यांतली भुकटी घेऊ नये, त्यात काय कुटले आहे ते कळत नाही. फुलांसकट सबंध काड्यांची जुडी घ्यावी. फुले पिवळट आणि पानांची लव पांढुरकी असावी. तपकिरी पडलेली जुडी जुनी किंवा उन्हात वाळवलेली समजावी. बोटांत चुरडून वास घ्यावा; वास आला नाही तर दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी पुढच्या दुकानात जावे. शेतात लावलेला माल मिळत असेल तर तोच मागावा, कारण रानातून ओरबाडून काही डोंगरांवर ही झाडे कमी झाली आहेत आणि बल्गेरियात तर रानातल्या झाडाला कायद्याचे संरक्षण द्यावे लागले आहे. मधुमेह असणाऱ्याने मध घालू नये, आणि गोळ्या चालूच ठेवाव्यात. घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, दमट हवेत बुरशी धरते. मांजरपाटाची पिशवी शिवून घ्यावी आणि कोरड्या जागी खुंटीला टांगावी. कोऱ्या मांजरपाटाला कांजीचा वास असतो, तेव्हा पिशवी आधी दोनदा धुऊन घ्यावी.